दसऱ्याचा हार

दर्याकाठच्या एका शेडमध्ये पूर्वी तीन फळ्या राहत. शीड लावून, त्यांच्यावर उभं राहून माणसं वाऱ्यासोबत पाण्यावरून पळत. अरुंद फळी शर्यतीची. सोसाट्याचा वारा नसेल तर ती हलत नसे. आखूड फळीला उंच लाटाच लागत. तिसरी रुंद. ती ना फार पळे, ना उडे, पण मिळेल त्या वाऱ्यात निघे आणि नवख्या माणसालाही सांभाळून परत आणी.

"तुझं खास असं काय गं?" अरुंद फळी विचारायची.

"वारा मंद आहे, तरी जाऊन येते," एवढंच रुंद फळी म्हणायची.

दसऱ्याला मालक दामू मयेकर पूजेला आले. झेंडूचा हार एकच होता. तो जिला मिळे, ती वर्षभर दर्शनी भिंतीवर मिरवे. त्यांनी अरुंद फळीवरून हात फिरवला. "एक ओरखडा नाही. किती गुणी," म्हणत त्यांनी तिलाच हार घातला.

रुंद फळी तेव्हा पाण्यात होती. नवखी माणसं पूजेच्या दिवशीही आली होती.

संध्याकाळी ती ओली, ओरखडलेली परतली. हारातून अरुंद फळी मायेनं म्हणाली, "अगं, जरा घरात थांबायला शीक. कामाच्या वेळी तू कधी दिसतच नाहीस."