उतरलेला षड्ज

एकदा एका वृद्ध पखवाजवादकाकडे त्यांचा जुना शिष्य पखवाज घेऊन आला. शिकायला नव्हे, परत करायला.

दारातूनच तो म्हणाला, "गुरुजी, हा तुमचा तुमच्याकडे ठेवा. मला आता वाजवता येणार नाही."

गुरुजींनी त्याला आत बोलावले, पाणी दिले आणि तो पखवाज आपल्या पखवाजाशेजारी कोपऱ्यात ठेवला. काय घडले ते त्यांच्या कानावर आले होते, तरी त्यांनी विचारले. काही गोष्टी माणसाला स्वतःच्याच तोंडाने सांगाव्या लागतात आणि ऐकणाऱ्याला तेवढा वेळ काढावा लागतो.

या कथेत जिवंत माणसांना नावे नाहीत. गेलेल्या दोघांना आहेत, कारण त्या घरात सारखी घेतली जात ती त्यांचीच नावे. थोरले त्र्यंबकबुवा वीणा वाजवीत. ते गुरुजींचे लहानपणापासूनचे सोबती. धाकटा जनार्दन हा त्र्यंबकबुवांचा शिष्य. जुन्या रीतीत वीणेला साथ पखवाजाचीच, त्यामुळे थोरल्यांची जोडी होती तशी धाकट्यांचीही जमली. चौघे एकत्र बसले की वाद्यांवाचून दुसरे बोलणे नसे. आपल्या वीणेचे भोपळे कोणाच्या मळ्यात, कसल्या मातीत पिकले इथपासून त्र्यंबकबुवा सुरुवात करीत. गुरुजी म्हणत, "वीणेचं कौतुक कोणीही करील. ती दिसतेच देखणी. आमच्या या ओंडक्यावर जीव लावून दाखव, मग मानीन."

पखवाजाच्या डाव्या तोंडावर दर वेळी कणकेचा ओला गोळा थापावा लागतो, तेव्हा तो घुमतो. वाजवून झाले की ती कणीक खरवडून काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी मळायची. त्यावरून बुवांची थट्टा ठरलेली असे. "काय रे, जेवला का तुझा लाडका? पोटात काही गेल्याशिवाय बोलायचा नाही तो." पुढे जनार्दनही आपल्या मित्राला रोज हेच विचारू लागला. विद्येबरोबर गुरूच्या थट्टाही शिष्याकडे येतात, आणि माझ्या मते त्या विद्येपेक्षा जास्त काळ टिकतात.

त्र्यंबकबुवांनी जाण्यापूर्वी आपली वीणा जनार्दनाच्या हाती दिली. तिचा षड्ज, म्हणजे ज्याच्यावर बाकीचे सगळे स्वर उभे राहतात तो सा, ठरलेला होता. त्याहून वर चढवली तर ती कर्कश होई, खाली आणली तर गप्प पडे. जनार्दनाने तो षड्ज कधी हलवला नाही. दोघे मित्र दूरच्या एका देवस्थानात सेवेला राहिले आणि बरी वर्षे सुखाने गेली. मग यंदाच्या चैत्रात, भर दुपारी, तिथल्या धर्मशाळेच्या गवती छपरावर चुलीची ठिणगी उडाली.

"आम्ही सगळे बाहेर पडलो," शिष्य सांगू लागला. "मी पखवाज उचलून पळालो. जनार्दन विहिरीवर होता, तो धावत आला. मला म्हणाला, वीणा कुठाय? मी म्हणालो, आत राहिली. तसा तो माझ्या अंगाला घासून आत गेला, गुरुजी. मला त्याचा हात धरता आला असता. पण माझे दोन्ही हात या पखवाजात गुंतले होते."

गुरुजींनी त्याच्यापुढचे पाण्याचे भांडे पुन्हा भरले.

"तो आत गेला आणि छप्पर खाली आलं. आता लोक म्हणतात, वाद्यावर प्रेम असावं तर असं. मला त्या लोकांचा संताप येतो. त्याचं वाद्यावर प्रेम होतं म्हणून तो गेला. माझं होतं म्हणून मी त्याला जाऊ दिलं. या लाकडाला हात लावला की मला तो दरवाजा दिसतो, दुसरं काही दिसत नाही. तुमच्याकडे यावर काही सांगण्यासारखं असेल तर सांगा. नसेल तर मी निघतो."

 गुरुजी म्हणाले, "तू हात धरला असतास तरी तो हिसडा देऊन गेला असता, असं मी म्हणावं, अशी तुझी अपेक्षा असेल. पण मला ते ठाऊक नाही. कदाचित तो थांबलाही असता."

दुःखाने पोळलेल्या माणसाशी असे कोणी बोलते का, असे वाचणाऱ्याला वाटेल. शिष्यालाही वाटले. तो उठला, पण गुरुजींनी त्याला खूण करून बसवले. "संध्याकाळ होत आली. जेवून जा," एवढेच ते म्हणाले.

दिवेलागणीला गुरुजींनी मूठभर कणीक भिजवली आणि आपल्या पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापली. मग उजवे तोंड सुरात लावायला घेतले. हातोडीने कडेच्या विणलेल्या चामडी गजऱ्यावर हलका ठोका द्यायचा, बोटाने वाजवून पाहायचे, कान लावायचा, पुन्हा ठोका. हे फार वेळ चालले. शेवटी समाधान झाल्यासारखी मान हलवून त्यांनी हातोडी खाली ठेवली, समोर एक चटई अंथरली आणि त्या रिकाम्या चटईकडे तोंड करून ते बसून राहिले. हात मांडीवर. एक बोलही त्यांनी वाजवला नाही.

शिष्याला हे नवीन होते. थोड्या वेळाने त्याने विचारले, "गुरुजी, वाजवत का नाही?"

"त्र्यंबक गेल्यापासून मी वाजवलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "रोज त्याच्या षड्जाला लावतो, थोडा वेळ बसतो, मग कणीक काढून शेजारच्या गायीला घालतो. तो गेला. वीणा जनार्दनाकडे गेली, आणि आता तीही गेली. माझ्यापाशी त्याचं उरलंय ते हा एक स्वर. तो विसरलो की संपलं सगळं."

एवढे बोलून त्यांनी उजव्या तोंडावर पुन्हा बोट वाजवून पाहिले.

"पण मला एक धास्ती आहे. कान आता पूर्वीचे राहिले नाहीत. मी लावतो तो त्याचाच षड्ज कशावरून? आधी माझा पखवाज सुरातून उतरला की त्र्यंबक काही बोलत नसे, नुसता माझ्याकडे बघायचा. आता समोर ही चटई. ती काय बघणार? तू मात्र चैत्रापर्यंत त्या वीणेपुढे बसत होतास. आज तो षड्ज ठाऊक असलेला तू एकटाच आहेस. सांग मला, बरोबर लागलाय का?"

शिष्याने मान खाली घातली. गुरुजी लावत असतानाच त्याला कळले होते. पखवाज उतरला होता, आणि थोडाथोडका नव्हे. हो म्हणणे सोपे होते. म्हाताऱ्याचे आता किती दिवस राहिले असतील, त्याला त्याच्या स्वरापाशी सुखाने बसू द्यावे, हा विचार शिष्याच्या मनात आला आणि तो विचार वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण याच घरात, याच माणसासमोर, चुकलेल्या सुराला हो म्हणायचे नाही एवढे तो शिकला होता. बाकीचे सगळे त्यानंतर शिकला.

"उतरलाय, गुरुजी."

"किती?"

ते शब्दांत सांगता येण्यासारखे नव्हते. शिष्याने हातोडी मागून घेतली. चैत्रापासून त्याने पखवाजाला असा हात लावला नव्हता. गजऱ्यावर ठोके देऊन भागेना, तेव्हा त्याने पखवाजाच्या चामडी पट्ट्यांखाली अडकवलेले लाकडी गट्टे ठोकून खाली सरकवले. स्वर चढू लागला. तो नेमका कुठे थांबवायचा हे कळण्यासाठी जनार्दनाची वीणा आठवणे भाग होते, आणि वीणा आठवायची तर जनार्दन आठवणे भाग होते. तो दारातून आत जाणारा नव्हे, त्याआधीचा. खांद्यावर वीणा टेकवून, एक डोळा बारीक करून, "जेवला का रे तुझा लाडका?" असे विचारणारा. शिष्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी हातोडी थांबली नाही. मग एका ठोक्याला तो थांबला, आणि मोकळ्या हाताने त्याने एकदाच थाप दिली.

खोलीत षड्ज उभा राहिला.

गुरुजींनी तो विरेपर्यंत ऐकला. "इतका?" त्यांनी विचारले.

"इतका."

"म्हणजे इतकी वर्षं मी रोज ज्याच्यासमोर बसत होतो, तो त्र्यंबक नव्हताच."

आणि ते म्हातारे गुरुजी लहान मुलासारखे रडले. शिष्य घाबरला. "मी सांगायला नको होतं," तो म्हणाला.

"सांगायलाच हवं होतं," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "ऐक. आपण चौघं जन्मभर वाद्यांचं कौतुक करत बसलो. भोपळे, कातडं, लाकूड, तारा. हे सगळं पुन्हा मिळतं रे. आपला सूर उतरला की ज्याच्या नजरेत ते दिसतं, तो माणूस पुन्हा मिळत नाही. तो गेला की आपण उतरत जातो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण स्वतःच्या कानाला आपण बरोबरच वाटतो. त्र्यंबक समोर होता तेव्हा मला हे कळलं नाही. जनार्दन होता तेव्हा तुलाही कळलं नाही. कळलं असतं तर तू आधी काय उचललं असतंस कोण जाणे. यावर उपाय विचारशील तर मला सापडलेला नाही."

शिष्याने विचारले, "आणि मी म्हातारा झालो की मला कोण सांगेल?"

"कोणी नाही," गुरुजी म्हणाले.

अशा कथांचा शेवट गोड करून सांगण्याची पद्धत आहे. मग त्या दोघांनी मिळून पहाटेपर्यंत पखवाज वाजवला, असे सांगितले की श्रोत्यांनाही बरे वाटते. तसे काही झाले नाही. दोघांनी मिळून कणीक खरवडली, गायीला घातली आणि मुकाट्याने जेवले. शिष्याला त्या घासाची चव कळली नाही. सकाळी मात्र तो गेला नाही. त्याने आणलेला पखवाज कोपऱ्यात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कणीक त्याने मळली. गुरुजींनी ती थापली आणि उजवे तोंड लावायला घेतले. समोर चटई अंथरली, पण आज तिच्यावर शिष्य बसला. बराच वेळ ठोके देऊन झाल्यावर गुरुजींनी बोटाने स्वर वाजवला आणि वर पाहिले.

स्वर पुन्हा उतरलेला होता, कालच्याइतका नाही, पण होता. शिष्य काही बोलला नाही. तो नुसता गुरुजींकडे बघत राहिला.

गुरुजींनी खाली ठेवलेली हातोडी पुन्हा उचलली.