मैदानातलं घर

टक्! लाकडी बॅटवर चेंडू बसल्याचा तो आवाज हासिंतोने तरुणपणी नदीपलीकडून ऐकला होता. त्या आवाजामागे पूल ओलांडून तो सान तादेओला बेसबॉल बघायला आला, शेंगदाणे विकणाऱ्या चायोच्या प्रेमात पडला आणि इथलाच झाला. चाळीस वर्षं दोघं सावलीतल्या एकाच बाकावर बसून सामने बघत.

यंदा अंतिम सामना नदीपलीकडच्या मेस्कीतेशी, म्हणजे हासिंतोच्या जन्मगावाशीच होता. संघाचे नवे अध्यक्ष ओलेगारियो यांनी फर्मान काढलं, की मेस्कीतेत जन्मलेल्यांनी पाहुण्यांच्या बाजूला, उन्हात बसायचं. ऐन खेळात ते स्वतः बाकाशी आले.

“उठा आजोबा, आपल्या घरच्यांत जाऊन बसा.”

“अन् यांना लांबचं दिसत नाही, धावफलक कोण वाचून दाखवणार?” चायोने विचारलं.

“नियम म्हणजे नियम. जन्म तिकडचा, तर घरही तिकडचं.”

तेवढ्यात मेस्कीतेचा एक खेळाडू मैदानाला फेरी मारून धापा टाकत आला आणि धाव पूर्ण झाली.

हासिंतो सावकाश म्हणाला, “साहेब, तो पोरगा कुठे पोचला?”

“जमिनीवरच्या त्या पांढऱ्या पाटीवर. खेळात तिला घर म्हणतात, एवढंही ठाऊक नाही?”

“पण तो तर पलीकडचा.”

“म्हणून काय झालं? मैदानात घर एकच असतं.”

“तेच म्हणतो मी, साहेब. तो आत्ता पोचला, तरी तुम्ही त्याची धाव धरलीत. मी तर चाळीस वर्षांपूर्वीच पोचलोय.” हासिंतोने चायोचा हात हातात घेतला.

मागच्या रांगेत हशा पिकला. अध्यक्ष त्या पांढऱ्या पाटीकडे बघत राहिले. मग हासिंतोला तिथेच बसू देऊन निघून गेले.