हिरव्या बांगडीचं गिऱ्हाईक

ढोलसेन महाराजांनी नगरशेठाकडून आठ रुपयांना घोंगडी घेतली आणि अगदी तस्सीच घोंगडी त्यांच्या हुजऱ्याच्या खांद्यावर निघाली, तीन रुपयांची! महाराजांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नगरशेठ हुकमाप्पाला हजर करा!"

आता कवठाळ्याच्या बाजाराची रीतच अशी, की भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायची, सौदा पक्का! बैलांचं सोडा, तिथं वांगीसुद्धा रुमालाखाली विकत. शेजारच्याला काय भाव पडला, हे ब्रह्मदेवालाही कळत नसे.

हुकमाप्पा शेठनं लवून मुजरा केला. "महाराज, आपण बोटं दिलीत तीन. पण त्यांवर अंगठ्या होत्या पाच. रुमालाखाली अंधार! हाताला लागलं ते सगळं मोजलं."

अख्ख्या दरबाराला एकदम खोकला आला. महाराज गरजले, "या राज्यात खरा भाव ठाऊक असलेलं कुणी आहे की नाही?"

"ठमाबाई कासारीण!" हुजरा बोलून गेला. "तिनंच मला भिवा धनगराकडं पाठवलं."

ठमाबाई वेशीजवळच्या ओट्यावर बांगड्या भरायची. हात आवळून बांगडी चढत असताना बाईमाणूस आधी 'आई गं' म्हणतं आणि पाठोपाठ खरं बोलतं. लुगड्याचा भाव नवऱ्याला एक सांगितलेला, सासूला दुसरा. ठमाबाईला मात्र खरा! असे साऱ्या बाजाराचे भाव तिच्या डोक्यात जमले. गूळ कुठं स्वस्त, हे आधी एका शेजारणीनं विचारलं, मग आळीनं, मग गावानं. मग ठमाबाईनं आजूबाजूच्या बाजारांतही आपल्या नणंदा-जावा बसवल्या. आणि विचारणाऱ्याकडून छदामही घ्यायची नाही!

"मग खातेस काय?" तिला बोलावून महाराजांनी विचारलं.

"भाकरी, महाराज."

"अगं, पैसा कोण देतं?"

"दुकानदार देतात. मी पाठवलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात एक हिरवी बांगडी असते. त्यानं माल घेतला, की दुकानदार बांगडी उतरवून मला परत पाठवतो, सोबत एक दमडी. गिऱ्हाईक नुसतं बघून आलं, तर काही नाही."

"म्हणजे पुरुषांच्याही हातात बांगडी?"

"पीळदार मिशांच्याही, महाराज. भाव चांगला मिळतो म्हटल्यावर कोण लाजतं?"

हुकमाप्पा उसळला. "थापा! माल स्वस्त विकायचा आणि वर हिला दमडी द्यायची? असा गाढव दुकानदार कोण? ही बाई शेजारच्या राजाची हेर आहे!"

महाराजांनाही ते पटेना. आणि एकदा पटेना म्हणजे पटेना! "ठमे, उद्या दिवे लागायच्या आत या हुकमाप्पानं आपण होऊन, आपल्या हातानं तुला दमडी दिली पाहिजे. तू त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाहीस! जमलं नाही तर ओटा त्याचा, आणि तू वेशीबाहेर!"

हुकमाप्पा गालातल्या गालात हसला. त्यानं सख्ख्या जावयाला कधी दमडी दिली नव्हती!

"कबूल," ठमाबाई म्हणाली. "पण उद्या महाराजांनी माझं गिऱ्हाईक व्हायचं."

दुसऱ्या दिवशी भर बाजारात महाराजांच्या गुबगुबीत हाताला तेल चोळलं गेलं.

"हात सैल सोडा, महाराज."

"आई गं! मागच्या लढाईत मी आजारी नव्हतो गं!"

प्रधानांनी लगेच आभाळाकडं बघितलं. बांगडी चढली. ठमाबाईनं बोट दाखवलं आणि महाराज हुकमाप्पाच्या दुकानावरून तरातरा पुढं, भिवा धनगराकडं गेले.

राजाच्या हातात हिरवी बांगडी! मग काय विचारता? सरदारांनी हात पुढं केले, पुजाऱ्यांनी केले, तालमीतल्या पहिलवानांनी तर रांगेत धक्काबुक्की केली. घोंगडी हवी म्हटलं की ठमाबाईचं बोट भिवाकडं. दुपारपर्यंत हुकमाप्पाच्या दुकानात फक्त माश्या उरल्या.

शेवटी तो धापा टाकत ओट्याशी आला. "अगं ए! आज भिवाचा भाव काय?"

ठमाबाई गप्प. बोट भिवाकडं.

त्यानं हळूच तिच्यापुढं रुमाल पसरला आणि त्याखाली सोन्याची पुतळी सरकवली. "माझा भाव आहे तोच राहू दे. तू बोट तेवढं माझ्याकडं वळव."

ठमाबाईनं रुमाल उचलून फडकावला. पुतळी भर रस्त्यात घरंगळली. बोट भिवाकडंच!

"बरं, तीन रुपये!"

बोट हललं नाही.

"अडीच!"

बोट जरासं थरथरलं.

"दोन! दोन रुपये घोंगडी! दोन!" शेठ जन्मात पहिल्यांदा भर बाजारात भाव ओरडला.

बोट सर्रकन वळलं. त्यासरशी अख्खी रांग वळली. दुसऱ्या घोंगडीसाठी पुन्हा बांगडी भरून घेतलेले महाराज सर्वांच्या पुढं. हुकमाप्पाची घोंगड्यांची थप्पी भराभर उतरू लागली. तोच ठमाबाईनं एका हाताचं बोट पुन्हा सावकाश भिवाकडं न्यायला सुरुवात केली आणि दुसरा तळवा पुढं केला.

"नको, नको!" शेठ किंचाळत धावला. महाराजांच्या हातातली बांगडी त्यानं ओढून काढली आणि दमडीसकट तिच्या तळव्यावर ठेवली. "ही घे! रोज देईन! पण बोट तिकडं नेऊ नकोस, बाई!"

महाराज थक्क झाले. "हुकमाप्पा दमडी देतोय? खुशीनं? ठमे, आता बोल. तू याला केलंस तरी काय?"

"काही नाही, महाराज. मी सगळ्यांना स्वस्त काय ते दाखवते, तेच शेठजींना दाखवलं. रिकामं दुकान महाग, माझी दमडी स्वस्त!"

महाराज असे हसले, असे हसले, की घोंगडीसकट कोलमडले. उचलायला तीन पहिलवान लागले. उठता उठताच त्यांनी हुकूम सोडला, "राज्यातल्या प्रत्येक वेशीवर ठमाबाईला एकेक ओटा बांधून द्या! चिरेबंदी!"

आणि ओट्यांसाठी चुना कुठं स्वस्त मिळेल, हे विचारायला त्यांनी स्वतःच दुसरा हात पुढं केला.