एकही माठ फुटला नाही

बाजाराला जाताना माठ बायकांनी मांडीवर घ्यायचे, हा आमच्या कुंभारवाड्यातला नियम. का, असं विचारायचं नाही. पुरुष पुढे केबिनमध्ये, आई आणि काकू मागे हौद्यात, पत्र्यावर.

पिकअपचे शॉकअप बदलायचे ठरले तेव्हा मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. माठ घेऊन निघालेली गाडी बाजाराच्या वाटेवरच गॅरेजला लावली. आई कमरेला हात लावून खाली उतरली. मेकॅनिक बादशाहभाईंनी ते पाहिलं आणि नजर वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कडक घालू की नरम?" त्यांनी विचारलं. "कडकवर माल जास्त जाईल, पण धक्के बसतील."

"कडकच घाल," माझे चुलते तात्या ऐटीत म्हणाले. "धक्क्यांचं काय कौतुक? जुने शॉकअप कधीचे गेलेत, तरी एक माठ फुटला नाही."

आजोबांनी मान डोलावली.

"खरंय, तात्या," मी म्हणाले. "मग आज माठ नुसते पत्र्यावर ठेवा. आई-काकू पुढे बसतील. बाजारापर्यंत एकही फुटला नाही, तर खुशाल कडक घाला."

"अगं, सगळे फुटतील की."

"म्हणजे इतके दिवस गाडीचे शॉकअप आई आणि काकूच होत्या."

बादशाहभाई उगाच पाना पुसत राहिले. तात्या पुटपुटले, "शॉकअपचं नंतर बघू. चल, तूही माठ घे मांडीवर. उशीर होतोय."

"नरम शॉकअप बसेपर्यंत नाही घेणार. आईही घेणार नाही."

तात्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा आईच्या कमरेवरच्या हाताकडे पाहत होते.