उदासीचे गुण

एका वृद्धाश्रमाच्या फाटकाला कायम कुलूप असे आणि त्याची किल्ली खिशात घालून संचालक निरगुडकर प्रश्नांचा फॉर्म भरून म्हाताऱ्यांची उदासी मोजत. प्रत्येक उदास उत्तराला एक गुण, पाच गुण झाले की झोपेची गोळी! शेवंताबाई महाखडूस, शेजारणीची बिस्किटं ढापणारी. पण दिवसाढवळ्या घोरत पडायची तिला धास्ती होती. तिचे चार गुण झालेच होते.

"शेवटचा प्रश्न, आजी. बाहेर जाण्यापेक्षा आत बसणंच आवडतं का?"

"कुलूप काढा साहेब, उत्तर करूनच दाखवते."

फॉर्म अपुरा राहू नये म्हणून साहेबांनी कुलूप काढलं. बाई तडक समोरच्या चहाच्या टपरीवर गेली. मागोमाग उरलेले अकराच्या अकरा म्हातारे, एक तर सलाईनच्या दांडीसकट.

"परत या!" साहेब फाटकातून ओरडले.

बशीतला चहा फुंकत बाई म्हणाली, "माझं उत्तर 'नाही' लिहा. आता तुम्ही सांगा, आत एकटं बसून कसं वाटतंय?"