सत्तावीस नंबरची मुलगी

एका विद्यापीठात एकदा एक वृद्ध प्राध्यापिका मानसशास्त्राची प्रयोगशाळा चालवत असत. सारे त्यांना बाई म्हणत. शिकत असतानाच प्रत्यक्ष संशोधनाची संधी तिथे मिळे, म्हणून बारा जागांसाठी दोनशे अर्ज येत. त्या वर्षीच्या बारा जणांत एक शिष्य फारच तल्लख होता, आणि ते त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याचा प्रयोग असा होता. पहिल्या वर्षाच्या साठ मुलामुलींना बोलवायचे, कोडी सोडवायला द्यायची, आणि मध्येच विद्यापीठाच्या शिक्क्याची चिठ्ठी हाती ठेवायची: 'आपली आकलनक्षमता सरासरीहून बरीच कमी आहे.' साठही जणांना तीच चिठ्ठी. मग पुढची कोडी सोडवताना उमेद किती खचते ते मोजायचे, आणि शेवटी समोर बसवून सांगायचे की चिठ्ठी खोटी होती, प्रयोगापुरती होती. बाईंचा दंडक एकच. हा खुलासा ऐकून सही केल्याशिवाय कुणाला दाराबाहेर सोडायचे नाही.

निष्कर्ष सुरेख आले. निबंध महिनाअखेरपर्यंत पाठवला तर एका नामांकित संस्थेत शिष्याची जागा पक्की होती. तो सहीसाठी बाईंकडे आला. नोंदी चाळता चाळता बाई सत्ताविसाव्या कागदावर थांबल्या.

"इथे खुलाशाची सही नाही."

"तिची एसटी सुटत होती, बाई. पुढचा मुलगाही खोळंबला होता. पण आकडे सगळे पूर्ण आहेत."

बाई उठल्या. त्यांनी बाराही विद्यार्थ्यांना घरी पाठवले आणि प्रयोगशाळेला कुलूप घातले. "सत्तावीस नंबरला भेटून ये," त्या म्हणाल्या. "तोवर इथे कुणाचंच काम होणार नाही."

एका सहीपायी बारा जणांचे काम बंद! वय झाले की माणूस हट्टाला पेटतो, असे मनाशी म्हणत शिष्य चरफडत निघाला. कार्यालयात त्याला त्या मुलीचे नाव कळले. प्रणाली ढाकणे. तिने परीक्षेचा फॉर्मच भरला नाही, ती घरी निघून गेली, हेही कळले. तिचे वर्ष बुडाले होते. चरफडणे विसरून त्याने तिच्या गावाकडची एसटी पकडली.

तालुक्याच्या स्टँडसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात ती सापडली. इतरांच्या प्रवेशअर्जांच्या प्रती काढत होती. काउंटरपाशी उभे राहून त्याने सगळा खुलासा केला, क्षमाही मागितली. तिने तो शांतपणे ऐकला.

"बाकीच्या एकोणसाठ जणांनाही तुम्ही घरी जाऊन सांगितलंत?" तिने विचारले.

"नाही. त्यांना तिथेच सांगितलं होतं."

"मग माझ्या एकटीसाठी एवढ्या लांब आलात, सर. म्हणजे माझं खरंच वाईट आलं असणार."

त्याने बरोबर आणलेल्या इतरांच्या चिठ्ठ्या पुढे केल्या. साऱ्यांवर तोच मजकूर, तोच शिक्का.

"अशा प्रती आम्ही दिवसाला शंभर काढतो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच त्याला सोसवेना. "तुम्ही समजूत घालायला आलात, बरं वाटलं. पण मला आधीपासून तसंच वाटायचं. तुमच्या कागदाने फक्त नक्की झालं." आणि ती पुन्हा मशीनकडे वळली.

परत येऊन शिष्याने बाईंना सारे सांगितले. "मी खरं सांगितलं, बाई. तरी ती मानत नाही."

बाईंनी सत्ताविसावा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "खोटं सांगताना आपण तिला खुर्ची दिली, तासभर दिला, शिक्क्याचा कागद दिला. खरं सांगायची पाळी आली तेव्हा मात्र आपल्याला दहा मिनिटं जड झाली. आता ते उभ्या उभ्या सांगून कसं पटेल? संशोधनाची संधी मी तुला दिली, असं तुला वाटत असेल. मी कोण देणारी? ती त्या साठ पोरांनी दिली. दार ओलांडण्याआधी आपण खरं सांगू, या भरवशावर ती आपल्यापुढे बसली."

शिष्याला रडू आले, आणि त्याने ते लपवले नाही.

"मग आता काय करू?"

"पुढच्या महिन्यात परत जा."

"तिने नाहीच मानलं तर?"

"त्याच्या पुढच्या महिन्यात जा."

बाईंनी कुलूप काढले. इतरांचे काम सुरू झाले. शिष्याच्या निबंधाचे अखेरचे वाक्य होते, 'हा परिणाम तात्पुरता असून खुलाशानंतर नाहीसा होतो.' ते आता त्याच्याने वाचवेना. त्याने निबंध मागे घेतला. महिनाअखेर उलटली आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा त्या दुकानात गेला. या वेळी नव्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन गेला, आणि गिऱ्हाइकांची गर्दी सरेपर्यंत बाकावर बसून राहिला. प्रणालीने अर्ज हाती घेतला, उलटसुलट पाहिला आणि सवयीने विचारले, "किती प्रती काढू?"

"प्रती नकोत. तुमच्यासाठी आणलाय."

तिने अर्जाची घडी घातली. "बघते," एवढेच म्हणाली, आणि नजर वर केली नाही.

हा होकार नव्हता, हे त्याला कळले. तो गुमान उठला. निघताना पुढल्या महिन्यात यायचा दिवस त्याने तिला सांगून ठेवला. तो ठरवायला बाईंना विचारावे असे त्याच्या मनातही आले नाही.