सारवणातले औषध

ज्याच्या दृष्टीत मुंगी आणि महाराज एकाच करुणेने न्हाऊन निघतात, त्या भगवान तथागताला प्रथम वंदन असो. त्याच्या नामाने वाणी निर्मळ होवो आणि ही कथा त्याच्याच चरणी रुजू होवो.

एकदा भगवान आम्रवनातील विहारात राहत असताना, रुग्णांची शुश्रूषा करणारा सोत्थिय नावाचा भिक्षू संतापून त्यांच्यापुढे आला. सामा नावाच्या वृद्ध उपासिकेने त्याने दिलेला कडू काढा कुंपणापलीकडे ओतून दिला होता. "भगवन्, औषध उत्तम आहे. घेणारी माणसेच नालायक आहेत," तो म्हणाला. भगवान मंद हसले. "सोत्थिया, हे वाक्य तू आज प्रथमच उच्चारीत नाहीस," असे म्हणून त्यांनी गतजन्मीची कथा सांगितली ती अशी.

फार पूर्वी, सुवर्णतटी नावाच्या नदीकाठच्या नगरीत धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मास आले होते. त्यांचे नाव क्षेमंकर. त्या नगरीत पाऊस ओसरू लागला, की थंडी वाजून येणारा ज्वर घरोघर शिरे. क्षेमंकरांनी दारोदार हिंडून एक गोष्ट ताडली होती. जिथे डास दाट, तिथे ज्वर दाट. राजवैद्य कालदत्त यालाही हे मान्य होते, परंतु त्याचा उपाय जहाल होता. तो गल्लोगल्ली हरताळ या विषारी खनिजाचा धूर करी आणि साचलेल्या पाण्यात विष कालवी. त्या धुराने मधमाश्या गळून पडत, गुरे खोकून बेजार होत. विषाने डबक्यातले मासे मरत. मासे मेले म्हणजे पाण्यातल्या डासांच्या अळ्या खायला कोणी उरत नसे, आणि पुढच्या वर्षी डास दुप्पट होत. मग कालदत्त विषही दुप्पट करी.

क्षेमंकरांनी निराळा मार्ग धरला. निंबोळीचे तेल आणि वेखंडाचा अर्क डासांना सोसत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण तेल पाण्यावर तरंगे. शिंपडताना एका भिंतीवर नुसते तेल पडे, दुसरीवर नुसते पाणी. पुष्कळ प्रयोगांनंतर त्यांनी रिठ्याच्या फेसात तेल घोटले, तेव्हा तेल आणि पाणी एकजीव होऊन दुधासारखे पांढरे झाले. राजाज्ञेने ते औषध कुंच्यांनी घराघरांच्या भिंतींवर शिंपडण्यात आले. नगरातल्या दगडी आणि लाकडी घरांतून त्या वर्षी ज्वर हटला. राजाने भर दरबारात क्षेमंकरांचा गौरव केला, आणि प्रजा त्यांच्या नावाने दिवे लावू लागली.

फक्त कुंभारआळीत ज्वर हटला नाही. नगराच्या टोकाला मातीच्या खाणींलगत ती आळी होती. तिथून ज्वर पुन्हा नगरात उतरू लागला.

तेव्हा कालदत्त राजाला म्हणाला, "महाराज, औषध चांगलेच होते. पण या गलिच्छ लोकांना आपल्या औषधाची किंमत काय? त्यांनी ते पुसून टाकले असणार. आळी नदीपलीकडे हलवा, म्हणजे नगर सुटेल."

नदीपलीकडे ना भांडी भाजायची माती होती, ना बाजार. कुंभारांना तिकडे घालवणे म्हणजे त्यांची चूल विझवणे होते.

राजा क्षेमंकरांकडे वळला. "वैद्यराज, औषध तुमचे आहे. दोष औषधाचा की माणसांचा, ते तुम्हीच सांगा. औषध निर्दोष असेल, तर राजवैद्याचे आसन तुमचे. कालदत्त आता थकले आहेत."

कालदत्ताने मान खाली घातली, पण विरोध केला नाही. ज्वराचे मूळ आळीच आहे, अशी त्याची खात्री होती; आसन गेले तरी त्याला ती जायला हवी होती.

क्षेमंकर म्हणाले, "महाराज, पाहिल्यावाचून कसे सांगू? मला आळीत जाऊन येऊ द्या."

आळीत शिरताच त्यांना आश्चर्य वाटले. कालदत्त ज्यांना गलिच्छ म्हणत होता, त्यांच्या भिंती आरशासारख्या तुळतुळीत होत्या. कृत्तिका नावाची एक प्रौढ कुंभारीण दाराशी बसून ओल्या सारवणावर बोटांनी वेल उमटवीत होती. ती आळीतली थोरली होती, आणि तिच्या शब्दाबाहेर तिथली कोणतीही सून जात नसे.

"मावशी," क्षेमंकरांनी विचारले, "या भिंतींवर औषध शिंपडले होते ना?"

"शिंपडलं होतं की, वैद्यबाबा." तिने हात थांबवला नाही. "तुमची माणसं आली, फराफरा शिंपडून गेली. भिंतीला गोचीड चिकटल्यासारखे डाग पडले, आणि वास तर असा, की घरधनी म्हणाला, मी भांडी भाजायच्या आव्यापाशीच झोपतो."

"मग?"

"मग काय? नवान्न आलं ना! नवं धान्य घरात येणार, अन्नपूर्णा येणार. तिला का डागाळलेल्या भिंतींत बसवू? सारवलं. माझ्या सासूनं सारवलं, तिच्या सासूनं सारवलं. नवान्नाला भिंत कोरी नसली, तर त्या घरची बाई कसली?"

शेजारची सून तोंडावर पदर धरून हसली. "आत्याबाई, वैद्यबाबांना सारवायला बसवा एकदा. म्हणजे कळेल."

क्षेमंकर भिंतीजवळ गेले. नखाने कोपऱ्यातला पोपडा हळूच उचलून पाहिला. आत, शेणमातीच्या ताज्या थराखाली, त्यांचे औषध जसेच्या तसे होते. कोणी ते पुसले नव्हते. डास वरच्या कोऱ्या थरावर निवांत बसले होते आणि औषध खाली गाडले गेले होते. दगडी घरांत कोणी सारवीत नाही, म्हणून तिथे गुण आला. इथे प्रत्येक सणाला घर नवे होते, म्हणून इथे गुण आला नाही.

त्यांनी उचललेला पोपडा हलक्या हाताने पुन्हा जागी बसवला. मग म्हणाले, "मावशी, तुमचे सारवण फार सुंदर आहे."

"ते काय, कुणी सांगायला हवं?" कृत्तिका म्हणाली. पण तिचा चेहरा उजळला.

दरबारात परतल्यावर क्षेमंकर म्हणाले, "महाराज, दोष माणसांचा नाही. औषध कोणी पुसले नाही, ते नवान्नाच्या सारवणाखाली गाडले गेले. दोष माझ्या औषधाचा आहे."

कालदत्त हसला. "वैद्यानेच आपले औषध नासके म्हणायचे! क्षेमंकरा, त्या बायकांनी राजाच्या औषधावर शेण थापले, आणि चूक तुझी?"

"होय. ते घर वर्षातून अनेकदा सारवले जाते, हे औषध बनवण्यापूर्वी मला ठाऊक असायला हवे होते. जे औषध त्या घरात टिकत नाही, ते त्या घरासाठी बनलेलेच नाही. घराने औषधापुढे वाकू नये, महाराज. औषधाने घरापुढे वाकावे."

"सण आहे म्हणून ज्वर पसरू द्यायचा काय?" राजाने कठोरपणे विचारले. "सारवण्यावर बंदी घालतो. मोडेल त्याला दंड करतो."

"मग त्या लपून सारवतील, आणि आपण रोज दंड करीत बसू. मला एक पावसाळा द्यावा. पुढच्या नवान्नानंतरही आळीत ज्वर राहिला, तर त्यांच्याबरोबर मलाही नदीपलीकडे पाठवावे."

राजाने मुदत मान्य केली.

हिवाळा आणि उन्हाळा क्षेमंकरांनी आळीतल्या एका पडक्या छपरात काढला. प्रथम त्यांनी औषध सरळ सारवणातच कालवले. पण ओली शेणमाती तेल पिऊन टाकी. भिंत वाळेपर्यंत वर काहीच उरत नसे, आणि डास येऊन सुखाने बसत. मग त्यांनी चुना वापरून पाहिला, तर चुन्याने औषधाचा गुणच मारला. डिंकात घोटले, तर भिंत चिकट होऊन तिला धूळ बसू लागली.

"वैद्यबाबा," कृत्तिका म्हणाली, "ही भिंत आहे की गुळाची ढेप? मुंग्यांची जत्रा भरेल."

एका दुपारी ते दमून बसले असता समोरच्या भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या पणतीकडे त्यांचे लक्ष गेले. वात कधीच विझली होती, तेल आटले होते. तरीही पणतीच्या बाहेरच्या अंगावर तेलाचा ओलसर तवंग होता. बोट लावले, तर बोटाला लागला. भाजलेली माती तेल पिते, पण गिळून टाकीत नाही. हळूहळू घामासारखे बाहेर सोडते. क्षेमंकर उठून उभे राहिले.

आळीत फुटक्या खापरांचे ढीग पिढ्यान्‌पिढ्या साचलेले होते. त्यांतली कमी भाजलेली, सच्छिद्र खापरे निवडून त्यांनी मैद्यासारखी दळून घेतली. ती पूड तेलात आणि वेखंडाच्या अर्कात मुरवली. पूड कोरडी दिसेपर्यंत सावलीत ठेवली. मग सारवणाच्या वर द्यायच्या अगदी शेवटच्या पातळ हातात, पांढऱ्या मातीबरोबर आणि बाभळीच्या चिमूटभर डिंकाबरोबर, ती कालवली. निंबोळीचा उग्र वास झाकावा म्हणून सुगंधी रोशा गवताचे तेल घातले. औषध आता शेणमातीत बुडत नव्हते. ते भिंतीच्या कातडीतच राहत होते आणि उन्हाच्या उबेने थोडेथोडे बाहेर येत होते. लागे त्याहून अधिक नाही, लागे तिथून इतरत्र नाही. डबक्यातल्या पाण्यात एक थेंबही जात नव्हता.

कृत्तिकेने पहिला हात दिला. तिने पोतेरे फिरवले, मागे सरून भिंत पाहिली. खापराच्या पुडीमुळे भिंतीला पहाटेच्या आभाळासारखी लालसर झाक आली होती.

"हाताला बसतंय," ती म्हणाली. "रंगही नवरीसारखा आहे. हे मी नवान्नालाच काय, माझ्या नातीच्या लग्नालाही देईन." मग तिने विचारले, "पण वैद्यबाबा, तुम्ही म्हणे चालताना मुंगीलाही वाट देता. मग या डासांचं काय?"

क्षेमंकर म्हणाले, "वासाने जे उठून जातील, त्यांना सारे रान मोकळे आहे. जे मरतील, त्यांचा भार माझ्या माथी. तो हलका नाही, मावशी. म्हणूनच कणभर जास्त औषध मला चालत नाही."

पावसाळा आला. खाणी भरल्या, मासे पोसले. नवान्नाला सगळ्या आळीने सारवले, आणि या वेळी सारवणे म्हणजेच औषध लावणे होते. जी बाई अधिक हौसेने सारवी, तिचे घर अधिक सुरक्षित राही. नवान्नानंतरचे ते दिवस आले, ज्यांत दरवर्षी घराघरातून कण्हणे ऐकू येई. त्या वर्षी आळीतून चाके फिरण्याचा आवाज येत राहिला. पोरे अंगणात खेळत राहिली. ज्वर आला नाही.

राजा स्वतः पाहायला आला. त्याच्यामागे कालदत्तही होता. कृत्तिकेच्या उंबऱ्यावर राजाने पाऊल ठेवले, तोच ती आतून ओरडली, "महाराज, थांबा! आत्ताच सारवलंय. पादुका बाहेर!"

सेवक दचकले. राजाने मात्र निमूटपणे पादुका काढल्या आणि अनवाणी आत जाऊन तो त्या लालसर भिंतींपुढे उभा राहिला. भिंतीवर एकही डास नव्हता.

"क्षेमंकर," तो भारावून म्हणाला, "राजवैद्याचे आसन तुमचे. आणि हे औषध बनवण्याचा अधिकार तुमच्या कुळापलीकडे कोणाला नसेल."

क्षेमंकरांनी हात जोडले. "महाराज, आसनावर कालदत्तांनाच राहू द्या. त्यांच्या हाताखाली मोठे औषधालय आहे. त्यांनी हे औषध मनावर घेतले, तर गावोगाव पोहोचेल. आणि अधिकार एका कुळाकडे राहिला, तर नवान्नाला प्रत्येक घरी मी कसा पोहोचू? ही विद्या ज्यांच्या हाती सारवण आहे, त्यांच्याच हाती राहू द्या."

कालदत्त पुढे आला. त्याने भिंतीला हात लावला, बोट नाकाशी नेले, आणि प्रथमच क्षेमंकरांना नमस्कार केला. "मी विष वाढवीत गेलो," तो म्हणाला. "औषधाला घरात राहायला शिकवावे, हे मला सुचले नाही."

राजाने दवंडी पिटवली. त्या वर्षापासून सुवर्णतटीच्या राज्यात गावोगावच्या बाया खापरे दळू लागल्या. लेक परगावी सासरी निघाली, की तिच्या गाठोड्यात आई मूठभर लालसर पूड बांधून देई, आणि कुंभारआळीतल्या बाया मान ताठ करून सांगत, "ही आमच्या आळीची माती."

कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा धृतिसेन म्हणजे आजचा भिक्षू आनंद. कृत्तिका कुंभारीण म्हणजे ही वृद्ध सामा उपासिका. कालदत्त म्हणजे तू, सोत्थिया. आणि क्षेमंकर वैद्य तो मीच होतो." सोत्थियाने मान लववली. तो तसाच सामेकडे गेला आणि काढा तिच्या जिभेला का सोसत नाही, ते तिच्याशेजारी बसून विचारू लागला. माणसाला दोष न देता आपली विद्या त्याच्या अंगणाला साजेशी घडवणारी जी प्रज्ञायुक्त करुणा, तीच या जातकाची पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण, होय.

ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाचे मन त्या करुणेने भरून येवो. ज्या घरात ती वाचली जाईल, त्या घराच्या भिंती निरोगी राहोत, चूल पेटती राहो, पाळण्यातले मूल निर्धास्त झोपो. सर्व घरांचे, सर्व गावांचे आणि सर्व प्राणिमात्रांचे कल्याण होवो.